सुटसुटीत आणि तरीही ऐटदार: १९४०–५० च्या दशकातले बायकांचे दिवसाचे कपडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या काळातल्या कपड्यांविषयी मी लिहिते, शिवते आणि शिकवते, त्यामुळे ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवातीला ओळखीपुरती माहिती आहे, मग शिवणाऱ्यांचे प्रश्न, आणि शेवटी जरा अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'दिवसाचे कपडे' म्हणजे नेमके कोणते? आणि काळ कोणता धरायचा?

साधारण १९३८ ते १९५८. दिवसाचे कपडे म्हणजे सकाळी घातले की बाजार, ऑफिस, मुलांची शाळा, दुपारचं जेवण, पाहुणे हे सगळं त्याच कपड्यांत उरकता यावं असे. त्या काळी पाश्चात्त्य शहरांत बरी परिस्थिती असलेली बाई दिवसातून दोन-तीनदा कपडे बदलायची: सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे. नोकरी करणाऱ्या आणि घरात कामाला माणूस नसलेल्या बाईला ते परवडणारं नव्हतं. तिच्यासाठी जे कपडे तयार झाले, त्यांच्याबद्दल हे पान आहे.

२. तुमच्या लिखाणात सारखं क्लेअर मॅकार्डेल हे नाव येतं. या कोण?

जन्म १९०५, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं फ्रेडरिक गाव. तीन भावांबरोबर वाढलेली मुलगी. न्यूयॉर्कच्या ज्या कला-विद्यालयाला आज पार्सन्स म्हणतात तिथे शिकल्या, त्यातला काही काळ पॅरिसमध्ये. तिथे मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनरचे ड्रेस स्वस्तात मिळवून त्या चक्क उसवून बघायच्या, कुठला तुकडा कुठे कसा जोडलाय ते कळावं म्हणून. पुढे न्यूयॉर्कमध्ये टाउनली नावाच्या तयार कपड्यांच्या कंपनीत त्या रॉबर्ट टर्क यांच्या हाताखाली होत्या. १९३२ मध्ये टर्क बुडून वारले आणि अर्धवट राहिलेलं कलेक्शन पूर्ण करायचं काम अचानक यांच्यावर आलं. १९४० पासून कपड्याच्या लेबलवर त्यांचं स्वतःचं नाव येऊ लागलं, आणि अमेरिकी डिझायनरच्या वाट्याला हे तेव्हा क्वचितच यायचं. १९५५ मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या आणि १९५८ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, कॅन्सरने गेल्या.

त्यांचं नाव मी सारखं घेते, कारण कपडा बाईने एकटीने घालायचा, त्यात चालायचं, वाकायचं, काम करायचं, आणि त्यातच ती छान दिसायला हवी, ही गोष्ट त्यांनी प्रत्येक शिवणीत पाळली. आराम म्हणजे ढगळपणा, असं त्यांच्या कपड्यांत कुठेच नाही. त्यांच्याकडे आराम येतो तो कापण्यातून आणि बांधण्यातून.

३. पण फॅशन तर पॅरिसची. मग हे अमेरिकेत कसं घडलं?

आधी पॅरिसचीच होती. न्यूयॉर्कचे कारखानदार पॅरिसला जायचे, नमुने आणायचे आणि त्यांच्या नकला काढायचे. जून १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि ही वाट बंद झाली. लॉर्ड अँड टेलर या दुकानाच्या डॉरोथी शेव्हर यांनी अमेरिकी डिझायनरांना नावानिशी पुढे आणायला १९३० च्या दशकातच सुरुवात केली होती, ते आता कामी आलं.

दुसरं कारण कापडाचं. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने एल-८५ नावाचा आदेश काढला. स्कर्टचा घेर, बाह्यांचे प्रकार, खालची दुमड, सगळ्यावर मर्यादा आली. दुमड २ इंचांपेक्षा जास्त ठेवायची नाही. चेनसाठी धातू मिळेना. अशा वेळी ज्यांना बांधणी, गुंडाळणी आणि साधं सुती कापड यांतून काम काढता येत होतं, त्यांचंच चाललं.

४. पॉपओव्हर ड्रेस म्हणजे आपला घरातला गाऊनच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

१९४२ मध्ये 'हार्पर्स बझार' या मासिकाने मॅकार्डेलकडे मागणी केली. घरकामाला येणाऱ्या बायका युद्धाच्या कारखान्यांत गेल्या होत्या आणि स्वयंपाक, झाडलोट आता घरच्या बाईवर आली होती. तिला कामाला घालता येईल, पण चारचौघांत लाज वाटणार नाही असा कपडा हवा होता. मॅकार्डेलनी करड्या डेनिमचा, समोरून एकावर एक येणारा, सैल झगा केला. शिवणींवर वरून दुहेरी टीप, कामगारांच्या कपड्यांवर असते तशी. एका बाजूला भलामोठा खिसा. आणि गरम भांडं उचलायचा रजईसारखा हातमोजा ड्रेसलाच अडकवलेला. किंमत ६.९५ डॉलर. कामाचा कपडा या वर्गात बसवल्यामुळे ती एवढी खाली ठेवता आली. पहिल्याच हंगामात ७५,००० वर ड्रेस खपले.

आता आपला गाऊन. दारावरची बेल वाजली की आपण त्यावर ओढणी घेऊन दार उघडतो. यातच फरक आला. पॉपओव्हरमध्ये बाईला दार उघडण्याआधी काही झाकावं लागत नाही. खांदा खांद्यावर बसतो, गळा नीट राहतो, कंबर तिला हवी तेवढी आवळता येते. दुहेरी टीप कापडाला बळ देते आणि तीच नक्षीही होते. गाऊन अंगावर नुसता लोंबतो, कारण त्याच्या कापणीत शरीराचा विचारच नसतो. सोय दोन्हींत आहे, पण पॉपओव्हरमध्ये सोयीइतकाच मानही आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे मॅकार्डेलच्या कलेक्शनमध्ये हा प्रकार परत परत येत राहिला: कधी समुद्रावर पोहण्याच्या कपड्यांवरून घालायला, कधी भारी कापडात पार्टीसाठी.

५. मग रॅप ड्रेस आणि पॉपओव्हर एकच का?

कुटुंब एक, जन्म वेगळा. डिझायनर डायान फॉन फर्स्टनबर्गचा प्रसिद्ध रॅप ड्रेस १९७४ चा. तो मऊ जर्सीचा (ताणल्या जाणाऱ्या, बनियनसारख्या विणीच्या कापडाचा) आहे आणि अंगासरशी बसतो. पॉपओव्हर घट्ट विणीच्या सुती कापडाचा आणि अंगापासून सुटा. टेलरला फोटो दाखवताना यांची गल्लत करू नका. रॅपचा कट पॉपलिनमध्ये शिवला की पुढचा भाग बसताना उघडतो.

६. मोनॅस्टिक ड्रेसला कमरच नसते म्हणे. मग तो पोत्यासारखा दिसत नाही?

नाही, कारण तो उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका, कापलेला आहे. अल्जेरियाच्या पारंपरिक पोशाखावरून मॅकार्डेलनी तो आधी स्वतःसाठी केला होता. १९३८ मध्ये तो बाजारात आला आणि इतका चालला की नकलांचा पूर आला. त्या नकलांविरुद्ध कोर्टकचेऱ्या करता करता टाउनली कंपनी बंद पडली. १९४० मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

खांद्यापासून खाली सरळ तंबूसारखा घोळ, पुढे-मागे असा फरक जवळजवळ नाही, टक्स नाहीत, कमरेची शिवण नाही. हँगरवर बघितला तर कुणी हात लावणार नाही. पण उरेब कापड अंगावर आलं की स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं आणि जिथे शरीर आहे तिथे टेकतं. वरून पट्टा बांधला की घड्या कमरेभोवती आपोआप पसरतात. पट्टा कुठे बांधायचा ते घालणारीने ठरवायचं: छातीखाली, कमरेवर, थोडा खाली. सकाळी एक जागा, जेवणानंतर दुसरी, असंही चालतं. वजन कमी-जास्त झालं तरी ड्रेस बाद होत नाही.

७. १९५० चं दशक म्हटलं की आवळलेली कंबर आणि घेरदार स्कर्ट आठवतो. तो आरामदायी होता का?

कोणाचा, यावर आहे. १२ फेब्रुवारी १९४७ ला क्रिस्तियान दिओर या फ्रेंच डिझायनरने पॅरिसमध्ये जे कलेक्शन दाखवलं, त्याला 'न्यू लुक' हे नाव पडलं. त्यातली कंबर आतल्या कमरपट्ट्याने आवळलेली, कुल्ल्यांवर भरण, स्कर्टला मीटरच्या मीटर कापड आणि खाली अनेक थर. दिसायला अप्रतिम. युद्धाच्या काटकसरीनंतर बायकांना ते हवंहवंसं वाटलं असेल तर त्यात नवल नाही. पण तो आकार कपड्याचा होता आणि शरीराने त्यात मावायचं होतं.

घेरदार स्कर्ट मॅकार्डेलनीही केले, भरपूर केले. पण आत भरण नाही, खांद्यात पॅड नाहीत, कंबर लांब नाड्यांनी दोन-तीन वेढे देऊन बांधलेली. पोट भरलं की नाडी सैल करता येते. तेव्हा फोटोत घेर दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. कंबर कशाने धरली आहे ते बघा.

८. खिशांचं एवढं कौतुक कशाला?

कारण खिसा नसलेल्या कपड्यात बाईचा एक हात कायम पर्सला अडकलेला असतो. मॅकार्डेलनी जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कपड्यांना खिसे दिले, अगदी संध्याकाळच्या कपड्यांनासुद्धा. भाऊ सहज खिशात हात घालून उभे राहतात आणि आपल्याला ते जमत नाही, हे लहानपणी बघितलेली मुलगी होती ती. खिशाने उभं राहण्याची ढबच बदलते, खांदे सैल होतात. शिवून घेताना खिसा कुठे आणि केवढा, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

९. चेन पाठीवर असली तर काय बिघडलं?

एकटी राहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. पाठीवरची चेन वर ओढायला दुसरं माणूस लागतं. मॅकार्डेलनी चेन बाजूला आणली किंवा काढूनच टाकली. तिच्या जागी समोरची बटणं, नाड्या आणि मोठे पितळी हूक आले. हे हूक एरवी कोटांना किंवा कामाच्या कपड्यांना लागायचे, यांनी ते दिसतील असे समोर लावले.

१०. कापड कोणतं होतं? आणि इथे काय घ्यावं?

डेनिम, चौकडीचं गिंगहॅम, चुरगळलेल्या पोताचं सुती सीअरसकर, गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, पुरुषांच्या शर्टांचं सुती कापड, आणि थंडीसाठी लोकरी जर्सी. म्हणजे स्वयंपाकघर, गोदाम आणि पुरुषांची कपाटं इथलं कापड. चापूनचोपून बसवायची सवय असलेल्यांना जर्सी घरगुती वाटायची. मॅकार्डेलनी तीच जर्सी दिवसा आणि रात्री, दोन्हींसाठी वापरली.

आपल्याकडे पर्यायांची चंगळ आहे. गुंडाळायच्या ड्रेससाठी हलकं डेनिम किंवा जाड पॉपलिन. चौकडी हवी तर हातमागाचं मद्रास चेक्स, हे कापड त्या काळी अमेरिकेतही जात असेच. मोनॅस्टिकसाठी मऊ मलखादी, रेयॉन किंवा पडणारं लिनन. कडक खादी त्याला घेऊ नका, उरेब कापूनही ती ओघळत नाही. मुंबईत मंगलदास मार्केट आणि पुण्यात रविवार पेठ इथे तासभर हिंडलात तर यातलं बहुतेक मिळेल. दुकानात कापडाचं टोक हातात धरून तिरकं लोंबकळू द्या. ते कसं पडतं ते लगेच दिसतं.

पावसाळ्यात डेनिमचा हट्ट नको. दोन दिवस वाळत नाही.

११. त्या ड्रेसबरोबर सपाट, नाचाच्या बुटांसारखे बूट का दिसतात?

युद्धामुळे. फेब्रुवारी १९४३ पासून अमेरिकेत चामड्याच्या बुटांवर रेशन आलं, वर्षाला माणशी तीन जोड. बॅलेचे बूट त्यातून सुटलेले होते. मॅकार्डेलनी कपेझिओ या नाचाचे बूट करणाऱ्या कंपनीला टणक तळ लावून, ड्रेसच्या कापडाशी जुळणारे बूट करायला सांगितलं. अडचणीतून निघालेला उपाय होता तो, पण सपाट बुटांवर बाई मोठी पावलं टाकते आणि घेरदार स्कर्ट खऱ्या अर्थाने हलतो. म्हणून तो टिकला. आपल्याकडे साधी कोल्हापुरी या ड्रेसखाली फार छान दिसते, हे माझं मत.

१२. शॅनेलचा सूट तर औपचारिक. तो या यादीत का?

५ फेब्रुवारी १९५४ ला, सत्तरी गाठलेल्या शॅनेल या फ्रेंच डिझायनरने पॅरिसमध्ये पुन्हा दुकान मांडलं. फ्रेंच वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली, अमेरिकी ग्राहकांनी उचलून धरलं. तिचं जाकीट वरून औपचारिक दिसतं. आतून बघा. अस्तर ट्वीडलाच (बाहेरच्या लोकरी कापडाला) टिपा घालून जोडलेलं, त्यामुळे आत बक्रम वा भरण लागत नाही आणि जाकीट स्वेटरसारखं वागतं. खालच्या कडेला आतून बारीक साखळी, म्हणजे वजनाने कड जागेवर राहते. मुंढा (बाही जोडतात तो घेर) वर, काखेच्या जवळ. खाली उतरलेला मुंढा सैल वाटतो, पण हात उचलला की अख्खं जाकीट वर येतं. वर घेतलेल्या मुंढ्यात हात एकटाच हलतो. ही गोष्ट ब्लाउज शिवणाऱ्या प्रत्येकीला माहीत असते. ती ड्रेसलाही तेवढीच लागू आहे.

१३. माझा टेलर पंजाबी ड्रेस आणि ब्लाउज शिवतो. त्याला हे कसं समजावू?

फोटो दाखवून थांबू नका. आधी मांजरपाटाचा नमुना शिवून घ्या, चुकला तर नुकसान थोडक्यात निभावतं. मग या गोष्टी तोंडी सांगा, शक्य तर कागदावर लिहून द्या.

मोनॅस्टिक असेल तर 'पूर्ण उरेब कापा' हे सगळ्यात आधी. कापड जास्त लागतं: ४४ इंच पन्ह्यात मध्यम उंचीला साधारण ४ मीटर धरा. सुती असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवायचं. टक्स घ्यायचे नाहीत हे दोनदा सांगा, कारण टेलरचा हात सवयीने तिकडे जातो. खांदे आणि बाजू शिवून झाल्या की ड्रेस किमान एक दिवस हँगरवर लटकत ठेवायचा आणि मगच खालची कड बरोबर करून दुमडायची. उरेब कापड लोंबून लांब होतं, तेही सगळीकडे सारखं नाही. घाईत दुमडलं तर आठवड्याभरात कड वर-खाली दिसायला लागते.

पॉपओव्हर असेल तर समोरचा एकावर एक येणारा भाग पुरेसा घ्या. खुर्चीवर बसून बघा. मांडीवर दोन्ही पदर एकमेकांवर राहायला हवेत. शिवणींवर वरून दुहेरी टीप, दोन टिपांत पाव इंच अंतर, धागा थोडा उठून दिसणारा.

खिसा बाजूच्या शिवणीत हवा असेल तर तोंड साडेसहा इंच आणि कमरेखाली दोन-अडीच इंचांवर. त्याहून वर घेतला तर कोपर अवघडतं. खिशाचं आतलं कापड पातळ पण घट्ट विणीचं असावं. चेन डाव्या बाजूला. मुंढा वर (प्रश्न १२).

१४. माझी उंची पाच फूट आणि छाती भारी. मोनॅस्टिकमध्ये मी बुडून जाईन का?

लांबी सांभाळलीत तर नाही. कड गुडघ्याच्या लगेच खाली किंवा पोटरीच्या बारीक भागावर संपवा, पोटरीच्या मध्यावर नको. पट्टा अरुंद आणि त्याच कापडाचा. रुंद आणि वेगळ्या रंगाचा पट्टा उंचीचे दोन तुकडे करतो. भारी छातीला पट्टा कमरेपेक्षा छातीखाली जास्त खुलतो. मॅकार्डेलनी तिथेही नाड्या बांधल्या आहेत, त्यामुळे आपण मूळ कल्पनेशी काही फारकत घेत नाही. खांद्यातल्या चुण्या मात्र थोड्या कमी करायला सांगा.

१५. मी परदेशातून १९५० च्या दशकाचा कागदी पॅटर्न मागवला. माझी साइज १२ आहे, पण ड्रेस अंगात शिरतच नाही!

त्या काळच्या १२ चा आजच्या १२ शी संबंध नाही. आकडे मधल्या काळात अनेकदा सरकले. पाकिटावर छातीचं माप इंचांत छापलेलं असतं, फक्त तेच बघा. शिलाईसाठी सोडलेली जागाही तपासा, अमेरिकी पॅटर्नमध्ये ती बहुधा ५/८ इंच असते आणि आपले टेलर अर्धा इंच धरून चालतात. एवढ्याशा फरकाने चार शिवणींत मिळून एक इंचाची चूक होते.

१६. थोडक्या कपड्यांत भागवायचं तर?

मॅकार्डेलनी १९३४ मध्येच एकमेकांशी जुळणाऱ्या पाच सुट्या कपड्यांचा जर्सीचा संच करून बघितला होता. तेव्हाच्या दुकानदारांना तो कसा विकावा ते कळेना. आज आपण तसेच कपडे घालतो. एका रंगातले दोन टॉप (एक गळाबंद, एक उघडा), एक आखूड आणि एक लांब स्कर्ट, आणि एक पँट. हे सगळं एकाच कापडाचं असेल तर टॉप-स्कर्ट घातला तरी अखंड ड्रेस वाटतो. प्रवासाला याहून बरं काही मला सापडलेलं नाही.

१७. मी न्यू जर्सीत राहते. इथल्या थंडीत हे सुती प्रेम काय कामाचं?

तुमच्यासाठी बॉनी कॅशिन. याच पिढीची अमेरिकी डिझायनर, १९६० च्या दशकात कोच या पर्सच्या कंपनीसाठीही काम केलेली. एकावर एक घालायचे थर ही तिची खासियत: आत पातळ जर्सी, वर बाह्यांना भरपूर मोकळीक असलेला लोकरी कोट किंवा पोंचो, बंद करायला हातमोजे घालूनही लावता येतील अशा धातूच्या कड्या. घरात हीटर, बाहेर बर्फ, या दोन्हींत फिरणाऱ्या बाईसाठी हे नेमकं आहे.

१८. जुन्या कपड्यांच्या दुकानात मला मॅकार्डेलच्या लेबलचा अस्सल ड्रेस मिळाला. धुवावा का?

आधी लेबल बघा: 'क्लेअर मॅकार्डेल क्लोद्स बाय टाउनली' असं तिच्या प्रौढ काळातल्या कपड्यांवर असतं. सुती आणि रंग पक्का असेल तर (आतल्या शिवणीवर ओला पांढरा फडका दाबून बघा) थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता. लोकरी जर्सी घरी मुळीच धुऊ नका. पितळी हूक काळवंडले असतील तर पितांबरी लावण्याचा मोह टाळा, ती कापडात उतरते आणि निघत नाही.

उरेब किंवा जर्सीचा ड्रेस हँगरवर ठेवू नका, खांदे ताणले जातात. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून आडवा ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, डांबरगोळी थेट कापडावर नको, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. त्याच रेघेवर वर्षानुवर्षं दुमडलेलं कापड तिथेच विरतं.